अक्कांची हजेरी

अक्कांच्या दवाखान्यात पेशंटला बसायला खुर्ची नव्हती, आणि ती नसावी म्हणून त्या सख्ख्या भावाशी भांडल्या होत्या. धुळ्यातल्या एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर दवाखाना. मधे कडुनिंबाचं झाड असलेलं अंगण आणि त्याच्या चारही बाजूंनी पडवी. भावाने हौसेने वीस खुर्च्या आणून टाकल्या, तर अक्कांनी त्या त्याच टेम्पोत परत चढवल्या. पेशंटने नंबर लावायचा आणि पडवीतून फेऱ्या मारायच्या. कंपाउंडर दारात उभा राहून नाव पुकारायचा. ज्याचं नाव पुकारलं तो नेमका पलीकडच्या बाजूला असला, तर तो वळून येईपर्यंत सगळा दवाखाना थांबायचा. म्हाताऱ्यांसाठी आणि धाप लागणाऱ्यांसाठी दोन बाकं होती. त्यांवर कुणी धडधाकट माणूस टेकलेला दिसला की अक्का आतून उठून यायच्या आणि काही न बोलता त्याच्यासमोर उभ्या राहायच्या. तो उठला की परत आत.

त्या एम.डी. होत्या. नाशिकहून हृदयात स्प्रिंग टाकून किंवा बायपास करून आलेली माणसं पुढे त्यांच्याकडे यायची. वय साठीच्या पुढे, अंगावर सुती साडी आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. टेबलाखाली एका खोक्यात तसलेच जुने बूट भरलेले असत. कुणी सैल चपला घालून आला की अक्का वाकून खोक्यातून त्याच्या मापाचा जोड काढायच्या. साठी ओलांडलेली डॉक्टरीण आपल्या पायाशी वाकलेली पाहून भलेभले पाटील ओशाळायचे आणि मुकाट्याने बूट घालायचे. खेड्यातल्या पेशंटशी त्या अहिराणीत बोलत, आमच्यासारख्या ऑफिसात काम करणाऱ्यांशी शुद्ध मराठीत, आणि चिडल्या की दोघांशीही अहिराणीत. त्यांना डॉक्टर किंवा मॅडम म्हटलेलं चालत नसे. सगळ्यांनी अक्काच म्हणायचं.

मला सुरुवातीला ही बाई मुळीच आवडली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, रेल्वेत कीमन होते. रोज खांद्यावर हातोडा टाकून नरडाण्याच्या बाजूचा ठरलेला रूळ पायी तपासायचा आणि सैल झालेली चावी ठोकून घट्ट करायची, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. उन्हाळ्यात रूळ तापून भट्टी व्हायची तेव्हाही केलं. रिटायर झाल्यावर वर्षभरात त्यांना हृदयाचा झटका आला. नाशिकला दोन स्प्रिंगा टाकल्या. डॉक्टर म्हणाले, काम चांगलं झालं आहे. आम्ही नानांना गाडीत झोपवून घरी आणलं.

आणि मग आम्ही त्यांची सेवा सुरू केली. आमच्याकडे आजारी माणसाची सेवा कशी करतात हे ज्याने पाहिलंय त्यालाच ते कळेल. ओसरीवर खाट टाकली. खाटेवर नाना. पाण्याचा तांब्या आई हातात देणार, चपला माझी बहीण पायात सरकवणार, संडासापर्यंत मी धरून नेणार. त्यांनी पाय खाली टाकला की घरातून तीन आवाज यायचे, 'नाना, उठू नका.' शिवाय बघायला येणारे. आमच्याकडे झटका आलेल्या माणसाला बघायला न जाणं म्हणजे वैर. दिवसाला दहा-बारा माणसं यायची, खाटेभोवती बसायची, चहा घ्यायची आणि आपापल्या ओळखीत झटक्याने कोण कसं गेलं ते सांगायची. कुणी जेवता जेवता गेलेला असायचा, कुणी लग्नाच्या मांडवात. नाना सगळं ऐकून घेत. तीन महिन्यांत ते एवढे गप्प झाले की गावात लोक म्हणू लागले, नानांचा स्वभाव किती शांत झाला. आम्हीही तसंच समजत होतो.

वजन उतरायला लागलं तेव्हा आई आणि मी त्यांना धुळ्याला अक्कांकडे घेऊन गेलो. पडवीत मी नानांना बाकावर बसवलं, शेजारी मीही टेकलो. पाच मिनिटांनी पांढरे बूट माझ्यासमोर येऊन थांबले. मी उठलो. तेवढ्यावर भागलं नाही, त्यांनी नानांनाही उठवलं आणि त्यांचा हात धरून पडवीतून चालायला लागल्या. तपासणी तिथेच सुरू झाली.

"नाना, नौकरी कसानी व्हती?"

"रेल्वेनी. कीमन."

"मंग रोज कितलं चालनं पडे?"

"जानं-येनं धरीसन बारा किलोमीटर."

"आनि आते?"

नाना जरा थांबले. "आते खाट," म्हणाले.

एक फेरी पुरी झाल्यावर अक्कांनी त्याच आवाजात, त्याच चालीत पुढचं विचारलं, "भूक लागस का? झोप लागस का? जगानी इच्छा व्हस का?"

माझ्या आईने पदर तोंडाला लावला. मला तर संतापच आला. आजारी माणसाला हे असलं कुणी विचारतं का? मी काहीतरी बोलणार तोच नाना म्हणाले, "मी आते काय कामना, अक्का?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं भान त्यांना नव्हतं. घरात आम्ही तीन माणसं चोवीस तास त्यांच्याभोवती होतो. त्यांना आता जगायचं नाही, हे आम्हाला त्या दिवशी धुळ्याच्या पडवीत कळलं.

हा प्रश्न अक्का प्रत्येक पेशंटला विचारायच्या. का, ते त्यांनी मला पुढे एकदा सांगितलं. कापसाच्या जिनिंगमधला एक मुकादम त्यांच्याकडे यायचा. बायपास झालेला, खचलेला. अक्कांनी त्याला चालायला लावलं. चालण्याने हृदयही सुधारतं आणि मनही, हे त्यांनी शेकडो माणसांत पाहिलं होतं आणि त्यांचा त्यावर पक्का विश्वास. मुकादम नेमाने चालायचा. अक्का त्याला इतर पेशंटांसमोर उभा करून त्याचं कौतुक करायच्या. तो गेल्यावर घरच्यांना त्याच्या पेटीत हृदयाच्या गोळ्यांची सगळी पाकिटं न फोडलेली सापडली. त्याला जगायचंच नव्हतं, आणि चालायचा तो केवळ अक्कांना वाईट वाटू नये म्हणून. "मी त्याचे पाय बघत बसले," अक्का म्हणाल्या. "एकदा विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. माणसं सांगतात रे, कुणी विचारत नाही." एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आपली चूक कुठलाही आडपडदा न ठेवता सांगणारा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता.

नानांना त्यांनी सुरुवातीला चालायलाच लावलं. आधी घरापासून पिंपळापर्यंत, मग शाळेपर्यंत, मग स्टेशनापर्यंत. किती चाललात, हे त्या कधी विचारत नसत. एक शंभर पानी वही दिली आणि वर स्वतःचा फोन नंबर घातला. वहीत रोज एक ओळ लिहायची, आज काय देखं, म्हणजे काय पाहिलं. नानांनी पहिले कित्येक दिवस 'काही नाही' असंच लिहिलं. अक्कांनी प्रत्येक 'काही नाही'च्या खाली लाल पेनाने 'बरं' असं लिहिलं. आणि बघायला येणाऱ्यांचा बंदोबस्त त्यांनी चिठ्ठीवरच केला. गोळ्यांच्या नावांखाली ठळक अक्षरांत लिहून दिलं, 'भेटायला येणाऱ्यांनी पेशंटसोबत चालत बोलावे. बसून बोलणे बंद.' खाली सही, शिक्का. ती चिठ्ठी मी ओसरीच्या खांबाला चिकटवली. चहा प्यायला आलेल्या माणसाला नानांबरोबर स्टेशनापर्यंत जावं लागायचं. निम्मे लोक येईनासे झाले. उरलेल्यांना चालताना धाप लागायची, त्यामुळे कोण कसा मेला हे सांगायला त्यांच्यात दम उरत नसे.

दीड महिना झाला. नाना चालत होते, पण अक्कांचं समाधान नव्हतं. वहीतली ओळ पुढे सरकत नव्हती, झोप पहाटे तीनलाच उडत होती. एका खेपेला त्यांनी वही मिटली आणि मलाही ऐकवायचं म्हणून शुद्ध मराठीत म्हणाल्या, "नाना, चालणं बंद करायचं नाही. पण तुमचं नुसत्या चालण्याने भागत नाहीये. मनासाठी एक गोळी देते. हृदयाला चालेल अशीच देते." मी विचारलं, ही वेड्याची गोळी तर नाही ना? अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खोक्यातल्या बुटांकडे बघू लागलो. "साखरेच्या आजाराला पथ्याने भागलं नाही तर गोळी देतात ना? तेव्हा कोण विचारतं ही कसली गोळी म्हणून? आणि ही मला न विचारता बंद करायची नाही. एक दिवससुद्धा."

महिन्या-सव्वा महिन्यात वहीत 'काही नाही' बंद झालं. एके दिवशी नानांनी लिहिलं, 'मालगाडी उभी होती. अठ्ठावन्न डबे.' अक्कांनी ती ओळ वाचून कंपाउंडरला आत बोलावलं आणि त्यालाही वाचायला लावली.

दवाखान्याच्या बाहेरही अक्कांचा एक उद्योग होता. दर रविवारी त्या आपली जुनी लहान गाडी काढून निघायच्या आणि ज्या पेशंटांनी खेप चुकवली असेल त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. आज शिरपूर, पुढच्या रविवारी साक्री. याला त्या हजेरी म्हणायच्या. लोक घाबरायचे. एका आबांना अक्कांची गाडी दिसली तर ते खाटेवरून उठून कपाशीत पळाले. अक्का तशाच बुटांनिशी कपाशीत घुसल्या, आबांना पकडलं आणि म्हणाल्या, "पळता ई राह्यनं ना? मंग चालाले काय व्हस?"

आता माझं सांगतो.

बहिणीला जळगावचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, घरदार चांगलं, एकही मागणी नाही. अमळनेरहून माझे मामा आले, सोयरीक जुळवण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. त्यांनी घरात पाऊल टाकलं आणि फळीवरचं गोळ्यांचं पाकीट उचलून मेडिकल दुकान असलेल्या दुसऱ्या एका भाच्याला फोन लावला. फोन ठेवला आणि मला ओसरीबाहेर नेलं. "ही मनाच्या रोगाची गोळी शे. जळगाववाल्यास्ले कळनं ते सोयरीक व्हई का? मुलीचा बाप असा, म्हणजे मुलगीही तशीच निघेल म्हणतील. चौकशीला माणसं येतील, मेडिकलवर विचारतील. बंद कर." मी म्हटलं, अक्कांना विचारतो. मामा म्हणाले, "त्या अक्काले काय पोरनं लगीन करनं शे?"

मी अक्कांना विचारलं नाही. मी पाकीट कपाटात कपड्यांखाली ठेवलं आणि नानांना सांगितलं, गोळीचा कोर्स संपला. त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिलं आणि मान हलवली. धुळ्याची पुढची खेपही मी चुकवली. मामांच्या मते चार माणसांत नाना त्या दवाखान्यात दिसता कामा नयेत. मी सरकारी कचेरीत काम करणारा, पदवीधर माणूस. मला सगळं कळत होतं आणि मी ते केलं.

तीन आठवड्यांत नाना खाटेवर परत आले. चालणं थांबलं, ताट तसंच परत येऊ लागलं. एके दुपारी ते बहिणीला म्हणाले, "तू सासरे गई का मी मोकळा." सगळे बाप असं म्हणतात, म्हणून आम्ही हसलो. ते मोकळं होणं कसलं होतं हे मला कळायला हवं होतं, कारण पडवीत त्यांनी दिलेलं उत्तर मीच ऐकलं होतं.

पाहुणे रविवारी दुपारी येणार होते. सकाळी मामांनी नानांचा चेहरा पाहिला आणि ठरवूनच टाकलं. नानांना मागच्या खोलीत बसवायचं, दार लोटून घ्यायचं. पाहुण्यांना सांगायचं की ते तपासणीसाठी नाशिकला गेले आहेत. बापाच्या जागी मामा बसतील. आई रडली, पण नाही म्हणाली नाही. बहीण म्हणाली, नाना नसतील तर मी बाहेर येणार नाही. मी तिला रागावलो. नानांना धरून मागच्या खोलीत मी नेलं. आईने पाण्याचा तांब्या आणि वेळ कळावी म्हणून आपला मोबाईल त्यांच्याजवळ ठेवला. नाना आपली वही घेऊन नव्या घोंगडीवर बसले आणि भिंतीकडे पाहू लागले. दार लोटताना मला माझीच लाज वाटत होती, तरी मी लोटलं.

पाहुणे आले. पोहे झाले. मुलाच्या वडिलांनी नानांची चौकशी केली, मामांनी नाशिकचं सांगितलं. बहीण आईच्या समजावण्याने चहाचा ट्रे घेऊन आली, खाली मान घालून. तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि पांढरे बूट ओसरीवर चढले.

"हजेरी," अक्का मला म्हणाल्या. "नाना कुठे आहेत?"

मी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "नाशिकला."  अक्का पाहुण्यांमधून वाट काढत सरळ घरात शिरल्या. आमच्या घराला खोल्या किती असणार? मागच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना आला.  पाहुणे कपातल्या चहाकडे बघत होते. मामांच्या कपाळावर घाम होता.

नंतर नाना बाहेर आले. स्वतःच्या पायांनी, भिंतीला हात न लावता. अक्का त्यांच्या मागे दोन पावलं होत्या. त्यांनी नानांना धरलं नव्हतं.

"मी यांची डॉक्टर," अक्का पाहुण्यांना म्हणाल्या. "यांच्या हृदयात दोन स्प्रिंगा आहेत. त्यानंतर मनाचा आजार झाला, तो अनेकांना होतो. गोळीने आणि चालण्याने बरे होत होते. गोळी थांबली म्हणून पुन्हा खालावले." मग माझ्याकडे वळून, "पाकीट आण."

मी कपड्यांखालून पाकीट आणलं. पाहुण्यांसमोर, मामांसमोर, बहिणीसमोर ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी एक गोळी काढली आणि नखाने मधोमध मोडली. "पुन्हा अर्धीपासून. नाना, घ्यायची का?"

नानांनी हात पुढे केला. गोळी घेतली, पाहुण्यांसमोरच्या ग्लासातलं पाणी प्यायले आणि मामांच्या खुर्चीजवळ जाऊन उभे राहिले. मामा उठले. नाना बसले. धोतर सारखं केलं आणि मुलाच्या वडिलांना म्हणाले, "मी पोरना बाप शे. काय इचारनं व्हई ते माले इचारा."

जळगावचं स्थळ जमलं नाही. त्यांनी चार दिवसांनी कळवलं, पत्रिका जुळत नाही. मामा वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत. गावात तर महिनाभर दुसरा विषय नव्हता. "डॉक्टरीण येडी शे, पाव्हनास्मा घुसी गई," असं लोक म्हणायचे, धुळ्यापर्यंत म्हणायचे, आणि अक्का पडवीत ते ऐकून नुसत्या हसायच्या. बहिणीचं दुसऱ्या वर्षी दोंडाईच्याला लग्न झालं. त्या लोकांना नानांनी पहिल्याच भेटीत गोळीचं स्वतःहून सांगितलं. जावई चांगला आहे.

अक्कांनी मागच्या वर्षी प्रॅक्टिस थांबवली. दवाखान्याची आवराआवर चालली होती तेव्हा मी गेलो. माफी मागायची होती, इतकी वर्षं राहून गेली होती. त्या रिकाम्या पडवीत चालत होत्या, मीही बरोबर चालू लागलो. म्हटलं, "अक्का, त्या रविवारी तुमची हजेरी आमच्या घरी नसती तर काय झालं असतं, देव जाणे. तुम्ही एवढी बोलणी खाल्लीत आमच्यापायी."

अक्का चालतच राहिल्या. "त्या रविवारी माझी हजेरी शिरपूरला होती," म्हणाल्या. "मी अर्ध्या वाटेत होते. नानांचा फोन आला."

मी थांबलो. त्या दवाखान्यात थांबायचं नसतं हेही विसरलो.

"मला म्हणाले, माले मांगली खोलीमा बसाडेल शे, मन्ही पोरले देखाले पाव्हना येनार शेत, माले बाहेर काढा. मी म्हटलं, आलेच. तर फोन ठेवण्याआधी म्हणाले, फोन मी कया हाई कोनले सांगू नका. आनि अक्का, मन्हा पोऱ्याले बोलू नका, तो घाबरी गया व्हता."

आम्ही ज्याला भिंतीकडे तोंड करून बसलेला सोडून आलो होतो, त्या माणसाने लेकीसाठी स्वतःहून फोन लावला होता आणि त्यातही मला सांभाळून घेतलं होतं. मला रडू आवरेना. अक्कांनी माझी पाठ थोपटली नाही, समजूतही घातली नाही. माझा हात धरला आणि पुढची फेरी सुरू केली.